मिनिटाचे मोल : जपानी आगगाडीची कहाणी



जपानच्या आगगाड्यांविषयी एक गोष्ट आपल्याकडे फार आवडीने सांगितली जाते. 14 नोव्हेंबर 2017 रोजी टोकियोजवळच्या त्सुकुबा एक्सप्रेस ह्या मार्गावरील एक गाडी ठरल्या वेळेच्या 20 सेकंद आधी सुटली आणि तेवढ्याबद्दल कंपनीने प्रवाशांची जाहीर माफी मागितली. गोष्ट खरी आहे. पण सांगणारा सहसा तिथे थांबत नाही. तो पुढे उसासा टाकून म्हणतो, "शिस्त त्यांच्या रक्तातच आहे हो! आपल्या लोकांना ते साधायचे नाही." आणि ऐकणारे माना डोलावतात.

ह्या माना डोलावण्याला माझी हरकत आहे. शिस्त रक्तात असती तर इतिहास वाचण्याचे कारणच उरले नसते. रक्ताची तपासणी केली म्हणजे काम झाले! माझे आज असे म्हणणे आहे की, जपानी आगगाडीचे मिनिट हे माणसांनी घडवलेले आहे. ते कोणी घडवले, कशाने घडवले आणि त्याची किंमत कोणाकडून वसूल झाली, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

मी काही इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. शाळा आठवीत सुटली ती सुटलीच. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या सभांत झाले. आगगाडीचा नाद मात्र लहानपणापासूनचा. इतर मुले पतंगामागे धावत तेव्हा मी मालधक्क्यावर बसून डबे मोजीत असे. वयाच्या पन्नाशीनंतर कामगारांच्या एका शिष्टमंडळाबरोबर जपानला जाण्याचा योग आला, तेव्हा सोबतचे लोक मंदिरे पाहत होते आणि मी यार्डे पाहत होतो. वाचलेले आणि पाहिलेले असे दोन्ही आज आपल्यापुढे ठेवतो.

सुरुवात 1853 सालापासून करू. त्या वर्षी 16 एप्रिलला आपल्या बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी गेली, हे आपल्यापैकी शाळकरी मुलेही सांगतील. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेचा कमोडोर पेरी आपली काळी जहाजे घेऊन जपानच्या किनाऱ्याला लागला आणि ऑगस्टमध्ये रशियाचा पुत्यातिन नागासाकीला आला. पुत्यातिनच्या जहाजावर वाफेवर चालणारी एक खेळण्यातली गाडी होती. ती पाहून जपानी अधिकारी थक्क झाले. पुढच्या वर्षी पेरीने योकोहामाला चतुर्थांश आकाराचे इंजिन आणि डबा आणून गोल रुळांवर फिरवून दाखवला. डब्यात माणूस मावेना, तेव्हा एक सामुराई अधिकारी चक्क टपावर बसला आणि अंगरखा वाऱ्यावर उडवीत फेरी मारून आला. पण जपानचे वैशिष्ट्य टपावर बसण्यात नाही. 1855 साली सागा संस्थानातील तानाका हिसाशिगे ह्या कारागिराने आणि त्याच्या सोबत्यांनी स्वतः वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती बनवून चालवून दाखवली. हा तानाका मुळात यांत्रिक बाहुल्या आणि घड्याळे करणारा कारागीर. खेळणे पाहून टाळ्या वाजवणारे पुष्कळ असतात. ते उघडून आत काय आहे ते पाहणारा तानाका होता.

आता घड्याळाचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करतो. त्या काळच्या जपानात मिनिट नव्हते. सूर्योदय ते सूर्यास्त ह्या काळाचे सहा भाग आणि रात्रीचे सहा भाग, अशी त्यांची कालगणना. उन्हाळ्यात दिवसाचा भाग लांब, हिवाळ्यात आखूड. देवळातली घंटा झाली की वेळ कळायची. आपल्याकडे निदान घटका आणि पळे होती. घटिकापात्र बुडाले की चोवीस मिनिटे झाली. 1857 ते 1859 ह्या काळात नागासाकीला जपानी तरुणांना नौकानयन शिकवणारा कॅटेनडाइक नावाचा डच अधिकारी होता. जपानी माणसे वेळ पाळीत नाहीत, अशी त्याची तक्रार लिहिलेली आहे. रक्तातल्या शिस्तीवर श्रद्धा असणाऱ्यांनी ती जरूर ध्यानात घ्यावी.

1868 साली मेइजी सरकार आले आणि दोन वर्षांत रेल्वेचे काम निघाले. पैसा लंडनच्या बाजारातून, रूळ व इंजिने इंग्लंडची, आणि मुख्य इंजिनियर एडमंड मोरेल हा तिशीतला इंग्रज. रुळांमधले अंतर साडेतीन फूट ठेवले. हा अरुंदपणा पुढे जपानच्या फार अंगलट आला, पण तो भाग नंतर येईल. मोरेलने एक शहाणपणाचा सल्ला दिला. लोखंडी स्लीपर इंग्लंडहून कशाला आणता, तुमच्या जंगलात लाकूड आहे ते वापरा, असे तो म्हणाला. आपली माणसे शिकवून तयार करा, हाही त्याचाच आग्रह. क्षयाने तो 1871 च्या नोव्हेंबरात वारला. आपली गाडी धावताना त्याने पाहिली नाही. योकोहामाच्या परदेशीयांच्या दफनभूमीत त्याची कबर आहे.

14 ऑक्टोबर 1872 रोजी सम्राटाच्या उपस्थितीत शिंबाशी ते योकोहामा हा 29 किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. चालत गेले तर दिवस मोडायचा, तिथे गाडीला 53 मिनिटे लागू लागली. 'त्रेपन्न मिनिटे' हा आकडा त्या लोकांच्या कानाला किती नवा असेल ह्याचा विचार करा. देशाने नवे पंचांग स्वीकारले ते 1 जानेवारी 1873 ला, म्हणजे गाडी आधी आली आणि पंचांग मागून! ह्या मार्गाचा एक तुकडा चक्क समुद्रात भराव घालून बांधावा लागला, कारण लष्करी खात्याने किनाऱ्याची आपली जमीन देण्याचे नाकारले. सरकारी खात्यांची आपसातली भांडणे ही काही केवळ आपलीच मिरास नाही. तो भराव पुढे जमिनीखाली गडप झाला आणि 2019 साली ताकानावा येथे बांधकाम चालू असताना दगडी भिंतीसह पुन्हा सापडला. तो कोणी रचला? इंग्रज इंजिनियराने नकाशा काढला हे पुस्तकात आहे. पण दगडावर दगड ठेवला तो जपानी गवंड्यांनी आणि बिगाऱ्यांनी. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

पहिली काही वर्षे ड्रायव्हरही इंग्रज आणि वेळापत्रक करणाराही इंग्रज. पेज नावाचा हा साहेब खोलीत एकटाच बसून वेळापत्रक तयार करी आणि बाहेरच्या जपानी कारकुनांना वाटे, केवढी ही अचाट बुद्धी! अशी आख्यायिका आहे की, एके दिवशी त्याच्या टेबलावरचा कागद कोणाच्या तरी नजरेस पडला. त्यावर रेघांनी वेळ आणि स्थानके मांडून गाड्यांच्या तिरप्या रेषा ओढलेल्या होत्या. जादू संपली, विद्या सुरू झाली. 1879 साली जपानी ड्रायव्हरांच्या हाती इंजिन आले. 1880 साली क्योटोजवळचा ओसाकायामा बोगदा परदेशी इंजिनियरांशिवाय पुरा झाला. तो खणायला इकुनोच्या चांदीच्या खाणीतले कामगार आणले होते. लंडनला शिकून आलेला इनोउए मासारू हा रेल्वेचा प्रमुख त्या कामावर स्वतः देखरेख करी. 1889 च्या जुलैत टोकियोहून कोबेपर्यंत सलग लोहमार्ग झाला. सतरा वर्षांत शिष्य गुरूच्या बरोबरीला आले.

आता मी माझ्या प्रांतात येतो. निप्पॉन रेल्वे ही त्या काळची जपानमधली सर्वांत मोठी खाजगी रेल्वे कंपनी. टोकियोच्या उएनोपासून उत्तरेला आओमोरीपर्यंत तिचा मार्ग होता. कंपनीत स्टेशनमास्तर व कारकून हे मानाचे लोक, आणि इंजिनावर काळवंडणारे ड्रायव्हर व फायरमन हे जवळजवळ हमालांत जमा. 1898 च्या फेब्रुवारीत ह्या ड्रायव्हरांनी संप केला. त्यांची मागणी ऐका. पगाराबरोबरच त्यांनी मागितले ते प्रतिष्ठेचे पदनाम आणि इतर नोकरांच्या बरोबरीची बढती. 'आम्हांला धड नावाने हाक मारा,' असे म्हणणारा हा संप होता आणि तो यशस्वी झाला. सुमारे 1000 सभासदांची त्यांची संघटना उभी राहिली. पण 1900 साली सरकारने पोलिसी कायदा आणून कामगार चळवळीचा गळा आवळला आणि लवकरच ही संघटनाही संपली. कामगाराला आधी मान लागतो आणि मग दाम, हे मी तीस वर्षे दारादारांतून ऐकत आलो आहे. ते 1898 साली जपानच्या इंजिनावर कोणीतरी बोलून गेला होता हे वाचून मला घरचे माणूस भेटल्यासारखे झाले.

1906 च्या कायद्याने 17 खाजगी कंपन्या सरकारने विकत घेतल्या. मग मोठी कामे निघाली. त्यांतले सर्वांत अवघड म्हणजे आतामीजवळचा तान्ना बोगदा. लांबी पावणेआठ किलोमीटरच्या वर. काम सुरू झाले 1918 साली, गाडी गेली 1934 साली. आत पाण्याचे लोंढे, वर ठिसूळ जमीन, मध्येच 1930 चा भूकंप. 67 माणसे ह्या कामात मेली. बोगद्याच्या तोंडाशी त्यांचे स्मारक आहे. मी ते पाहायला गेलो त्या दिवशी तिथे दुसरे कोणी नव्हते. वरून गाड्या जात होत्या. एक गेली की थोड्या वेळाने दुसरी. मी घड्याळ लावून पाहिले. एकही गाडी चुकली नाही. त्या 67 जणांच्या खात्यावर ही मिनिटे कोणी जमा करील का, असे मनात आले.

रेल्वे हे साधन आहे. ते कोणाच्या हाती पडते त्यावर सगळे अवलंबून. ऑक्टोबर 1942 ते ऑक्टोबर 1943 ह्या एका वर्षात जपानी लष्कराने सयाम आणि ब्रह्मदेश जोडणारा 415 किलोमीटरचा मार्ग बांधून घेतला. युद्धकैद्यांपैकी 12,000 च्या वर मेले. आशियाई मजुरांपैकी किती मेले त्याची नीट मोजदादही झाली नाही, पण तो आकडा लाखाच्या जवळपास जातो. त्यांत मलायातल्या मळ्यांवरून नेलेले आपले तमिळ बांधव हजारांनी होते. त्या मार्गावर धावलेले एक इंजिन आज टोकियोच्या यासुकुनी देवस्थानाच्या संग्रहालयात चकचकीत करून ठेवलेले आहे. रेल्वेवर कितीही प्रेम असले तरी त्या इंजिनापुढे मान खाली जाते.

आणि त्याच युद्धाच्या शेवटची दुसरी हकीकत पाहा. 6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. 9 ऑगस्टला, म्हणजे तिसऱ्या दिवशी, त्या जळलेल्या शहरात ट्रामचा एक लहानसा टप्पा पुन्हा सुरू झाला. पुरुष लढाईवर गेल्यामुळे ट्राम कंपनीने 1943 साली मुलींसाठी शाळा काढून चौदा-पंधरा वर्षांच्या पोरींना कंडक्टर आणि ड्रायव्हर केले होते. त्यांतल्या कित्येक बॉम्बमध्ये गेल्या. वाचलेल्यांपैकी काही पुन्हा ट्रामवर उभ्या राहिल्या. त्यांना कोणी वेळापत्रकाची धमकी दिली नव्हती. गाडी चालू झाली म्हणजे शहर जिवंत आहे, एवढेच लोकांना कळायला हवे होते. कर्तव्य म्हणतात ते हे.

युद्धानंतर अमेरिकी अंमलाखाली कामगार संघटनांना मोकळीक मिळाली आणि रेल्वे कामगारांची 'कोकुरो' ही संघटना बलाढ्य झाली. पण 1948 साली मॅकआर्थरच्या पत्राने सरकारी कामगारांचा संपाचा हक्क काढून घेतला. 1 जून 1949 रोजी 'जपान राष्ट्रीय रेल्वे' हे महामंडळ स्थापन झाले, आणि लगेच सुमारे 95,000 लोकांना कमी करण्याचा हुकूम निघाला. त्या उन्हाळ्यात तीन भयंकर घटना घडल्या. जुलैच्या आरंभी महामंडळाचे अध्यक्ष शिमोयामा सादानोरी बेपत्ता झाले आणि दुसऱ्या दिवशी रुळांवर त्यांचे छिन्नविच्छिन्न शव मिळाले. 15 जुलैला मिताका येथे बिनड्रायव्हरची गाडी सुटली; सहा माणसे मेली. 17 ऑगस्टला मात्सुकावाजवळ रूळ उखडून गाडी पाडण्यात आली. इंजिनावरचे तीन कामगार गेले. संशय थेट संघटनेवर आला. मात्सुकावा खटल्यात 20 जणांना दोषी ठरवले आणि पाच जणांना फाशी सुनावली. हिरोत्सु काझुओ नावाचा एक कादंबरीकार कागदपत्रे वाचता वाचता अस्वस्थ झाला. ही माणसे निर्दोष आहेत असे त्याचे मत झाले आणि तो वर्षानुवर्षे लिहीत राहिला. आरोपी दुसरीकडे हजर होता असे दाखवणारे टिपण सरकारी पक्षाने दडवून ठेवले होते, हे पुढे उघड झाले. 1963 सालापर्यंत वीसच्या वीस जण सुटले. पण चौदा वर्षे गेली होती, आणि संघटनेची पाठ 1949 सालीच मोडलेली होती.

आता अपघातांकडे वळतो, कारण रेल्वेची खरी शाळा तीच. 24 एप्रिल 1951 रोजी योकोहामाच्या साकुरागिचो येथे विजेची तार तुटून डब्याला आग लागली. डबे युद्धकाळातल्या काटकसरीचे. खिडकीची मधली काच पक्की बसवलेली, दारे आतून उघडता येईनात. 106 माणसे जळून मेली. 3 मे 1962 रोजी मिकावाशिमा येथे मालगाडीने सिग्नल ओलांडला, ती घसरून प्रवासी गाडीला भिडली, आणि लोक रुळांवर उतरले असताना काही मिनिटांनी दुसरी गाडी त्यांच्यावर आली, 160 मेले. 9 नोव्हेंबर 1963 रोजी त्सुरुमी येथे 161 मेले. रक्तातली शिस्त तेव्हा कोठे गेली होती? माणसे तीच होती, कष्टही तेवढेच होते. कमी होती ती व्यवस्था. सिग्नल ओलांडला की गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा महाग म्हणून रखडली होती. मिकावाशिमानंतर ती बसवण्याचा धडाका लागला आणि 1966 पर्यंत ती राष्ट्रीय रेल्वेच्या सगळ्या मार्गांवर आली. माणूस चुकणारच, हे गृहीत धरून यंत्र उभे करायचे, हा धडा जपानने शेकडो प्रेते मोजून घेतला.

ह्याच धड्यातून शिंकान्सेन जन्मली. जुना साडेतीन फुटी मार्ग तुडुंब भरला होता. 1955 साली सोगो शिंजी हे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ रेल्वेचे अध्यक्ष झाले. साकुरागिचोच्या आगीनंतर नोकरी सोडून गेलेल्या शिमा हिदेओ ह्या इंजिनियराला त्यांनी परत बोलावले. दोघांनी रुंद मार्गाची सर्वस्वी स्वतंत्र रेल्वे आखली. जागतिक बँकेने 8 कोटी डॉलर कर्ज दिले. लढाऊ विमानांच्या पंखांची थरथर अभ्यासणारे मात्सुदाइरा तादाशी हे आता चाकांची थरथर शमवण्याच्या कामी लागले. तलवारीचा नांगर म्हणतात तो असा झाला. 1 ऑक्टोबर 1964 रोजी टोकियो–ओसाका हे 515 किलोमीटर अंतर गाडीने चार तासांत काटले. ताशी वेग 210 किलोमीटर. खर्च मात्र अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला होता आणि त्यापायी सोगो व शिमा ह्या दोघांनाही 1963 सालीच पायउतार व्हावे लागले. ज्यांनी गाडी निर्माण केली त्यांना उद्‌घाटनाच्या समारंभाचे बोलावणेही नव्हते!

ह्या गाडीची वक्तशीरता कशात आहे ते नीट पाहा. मार्गावर एकही फाटक नाही. मालगाडी नाही, सावकाश जाणारी लोकल नाही. वेगमर्यादा ड्रायव्हरच्या समोर दिसते आणि ती ओलांडली तर ब्रेक आपोआप लागतो. मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत एकही गाडी सोडत नाहीत. ते सहा तास रुळांची आणि तारांची देखभाल करणाऱ्या कामगारांचे. भूकंपाची पहिली चाहूल लागताच वीज तोडली जाते. 23 ऑक्टोबर 2004 च्या भूकंपात एक गाडी रुळांवरून उतरली; आत दीडशेवर माणसे होती, एकही दगावला नाही. 1964 पासून आजवर टक्कर होऊन किंवा गाडी घसरून शिंकान्सेनचा एकही प्रवासी मेलेला नाही. आणि तोकाइदो मार्गावर वर्षाची सरासरी काढली तर गाडीमागे उशीर दोन मिनिटांच्या आत राहतो. ही किमया भीतीची नव्हे. इथे मिनिट आधीच विकत घेऊन ठेवलेले आहे : पैसा, जमीन, यंत्र आणि रात्रपाळी ह्यांच्या मोबदल्यात.

टोकियो स्थानकात मी दोन तास फलाटावरच उभा होतो. उत्तरेकडची गाडी येते, बारा मिनिटे थांबते. माणसे उतरण्या-चढण्याचा वेळ वजा जाता सफाईला सात मिनिटे उरतात. बहुतेक बायाच, पन्नाशीच्या आसपासच्या. आसने फिरवतात, कचरा टिपतात, मेजे पुसतात, आणि बाहेर येऊन रांगेत वाकून नमस्कार करतात. पाहणारे फोटो काढीत होते. मी त्यांच्या गुडघ्यांकडे आणि कमरांकडे पाहत होतो. धंद्याची खोड, दुसरे काय!

ड्रायव्हरांची एक रीत मात्र मला मनापासून आवडली. सिग्नल आला की ड्रायव्हर पांढऱ्या हातमोज्याचे बोट त्याच्याकडे करतो आणि मोठ्याने त्याचे नाव घेतो. एकट्याच्या खोलीत हा माणूस कोणाशी बोलतो, असे प्रथम वाटते. ही सवय वाफेच्या इंजिनांच्या काळापासूनची आहे. 1994 साली त्यांच्या रेल्वे संशोधन संस्थेने प्रयोग करून पाहिला, तेव्हा बोट दाखवून बोलल्याने चुका सुमारे एक षष्ठांशावर येतात असे आढळले. डोळा, हात, तोंड आणि कान असे चार साक्षीदार एका वेळी उभे केले की मनाला डुलकी घेता येत नाही. ह्याला खर्च शून्य. आणि ही रीत कामगारांच्या अनुभवातून वाढलेली आहे.

आता चित्राची दुसरी बाजू. संपाचा हक्क नसलेल्या रेल्वे कामगारांनी 'नियमानुसार काम' हे हत्यार उपसले. सुरक्षिततेचे नियम अक्षरशः पाळले की गाड्या रखडत. ह्याचा अर्थ काय, ते आपणच ठरवा. नियम पाळून जे चालत नाही ते वेळापत्रक कोणाच्या जिवावर चालत होते? पण माझ्या सोबत्यांनाही मला एक गोष्ट ऐकवायची आहे. 13 मार्च 1973 रोजी आगेओ स्थानकात कामावर निघालेले हजारो प्रवासी भडकले आणि त्यांनी गाड्यांची, स्थानकाची मोडतोड केली. ते कोणी मालक नव्हते, चाकरमानीच होते. संघटनेचे म्हणणे न्याय्य होते, पण ते फलाटावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचलेच नव्हते. 1975 च्या नोव्हेंबरात संपाचा हक्क मिळवण्यासाठी आठ दिवस देशभर गाड्या बंद ठेवल्या, आणि हाती काही न लागता संप मागे घ्यावा लागला. आपल्याकडे 8 मे 1974 ला सुरू झालेला रेल्वे कामगारांचा संप वीस दिवसांत चिरडला गेला, ते आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. ज्याच्या पाठीशी प्रवासी नाही त्या रेल्वे कामगाराला सरकार एकटे गाठते, हा दोन्ही देशांचा अनुभव.

1 एप्रिल 1987 रोजी राष्ट्रीय रेल्वेचे तुकडे झाले. सहा प्रवासी कंपन्या, एक मालवाहतूक कंपनी. डोक्यावर सुमारे 37 लाख कोटी येनचे कर्ज होते, हे खरे. पण ते फेडण्याच्या निमित्ताने कोकुरोचे काटे वेचून काढण्यात आले, हेही तितकेच खरे. नव्या कंपन्यांनी न घेतलेल्या 1047 कामगारांना 1990 साली काढून टाकले. त्यांनी वीस वर्षे लढा दिला. 2010 साली तडजोड होऊन नुकसानभरपाई मिळाली. तोपर्यंत कित्येक जण वारले होते.

संघटना दुबळी झाली की मिनिट कोठून काढले जाते, ह्याचे उत्तर 25 एप्रिल 2005 ने दिले. ओसाकाजवळ अमागासाकी येथे फुकुचियामा मार्गावरची गाडी. ड्रायव्हर 23 वर्षांचा. आदल्या स्थानकात गाडी थांबायच्या जागेपेक्षा सत्तर-एक मीटर पुढे गेली. मागे घेण्यात वेळ गेला आणि दीड मिनिटाच्या आत-बाहेर उशीर झाला. चूक झाली की ड्रायव्हरला 'पुनर्शिक्षणा'ला बसवीत. तेथे दिवसचे दिवस कबुलीजबाब लिहायचे, नियम उतरवून काढायचे, वेळप्रसंगी गवत उपटायचे. हा मुलगा आदल्या वर्षी तेरा दिवस ते भोगून आला होता. त्याने गार्डला विनंती केली की पुढे गेलेले अंतर जरा कमी सांगा. गार्ड वायरलेसवर नियंत्रण कक्षाशी बोलत होता आणि ड्रायव्हरचे कान तिकडे लागले होते, असे चौकशी समितीने 2007 च्या अहवालात म्हटले आहे. ताशी 70 च्या वळणावर गाडी 116 ने गेली आणि एका निवासी इमारतीवर आदळली. ड्रायव्हर धरून 107 जण मेले, 562 जखमी झाले. त्या वळणावर वेग आपोआप रोखणारी नवी यंत्रणा अजून बसवायची होती.

शिंकान्सेन आणि अमागासाकी एकाच देशातली, एकाच परंपरेतली. फरक एवढाच की एका ठिकाणी मिनिट व्यवस्थेतून येत होते आणि दुसऱ्या ठिकाणी तेवीस वर्षांच्या पोराच्या काळजातून. इमारतीचा काही भाग जतन करून तिथे आता स्मृतिस्थळ केले आहे. तिथून जाणाऱ्या गाड्या वळणावर सावकाश होतात.

शेवटी एक लहानशी गोष्ट. 2020 साली ओकायामा येथे एका ड्रायव्हरला रिकामी गाडी यार्डात न्यायची होती. तो चुकीच्या फलाटावर उभा राहिला. गाडीला एक मिनिट उशीर झाला. कंपनी म्हणाली, त्या वेळात तू काम केले नाहीस, आणि तिने त्याचा पगार कापला. वाद 56 येनचा. आपल्याकडे त्यात फार तर दोन वडापाव येतील. हा माणूस कोर्टात गेला. 2022 च्या एप्रिलमध्ये कोर्टाने निकाल दिला की, चूक सावरण्यात गेलेला वेळ हाही कामाचाच वेळ आहे, 56 येन परत करा. मागितलेली मोठी नुकसानभरपाई मात्र मिळाली नाही. काहींना हा हट्ट हास्यास्पद वाटला. मला तो 1898 च्या ड्रायव्हरांचा वंशज वाटतो. मिनिटाला मोल आहे असे कंपनी म्हणते ना? मग माझ्याही मिनिटाला आहे, एवढेच त्याने सांगितले.

आपल्याकडे मुंबई–अहमदाबाद अशी 508 किलोमीटरची रेल्वे शिंकान्सेनच्या तंत्राने बांधायचे ठरून 14 सप्टेंबर 2017 रोजी तिची कोनशिला बसली. जपानकडून डबे घ्या, रूळ घ्या, सिग्नल घ्या. माझी ना नाही. पण ज्या मुंबईत 2023 ह्या एका वर्षात लोकलच्या रुळांवर आणि गाड्यांतून पडून अडीच हजारांच्या आसपास माणसे मेली, तिथे जपानकडून पहिली कोणती गोष्ट आणायची, हे नागरिकांनी विचारले पाहिजे. रात्रीचे सहा तास गँगमनला द्यायची रीत आणा. चूक करणाऱ्याला गवत उपटायला न लावता चुकीचे कारण शोधायची रीत आणा; ती जपानही फार उशिरा आणि महागात शिकला. आणि गाडी वेळेवर आली की घड्याळाकडे पाहून झाल्यावर एकदा इंजिनाकडेही पाहा. तिथे एक माणूस बसलेला असतो. त्याची झोप झाली आहे का, एवढे विचारण्याचा हक्क प्रत्येक तिकिटाबरोबर आपल्याला मिळालेला आहे. तो आपण वापरावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.